दूध संघाच्या चॅटबॉटला तोंड कसं द्यावं? बाई, म्हैस की यंत्रमानव?

शाईचा_डाग लिहिते:

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूर जिल्ह्यात राहते. जी. डी. आर्ट केलंय, आणि पोट भरतं ते बालपुस्तकांची चित्रं, लग्नपत्रिका आणि दर दोन-चार महिन्यांनी कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सवर. सध्या तालुक्याच्या एका दूध संघाचं काम आलंय. असलं काम मी याआधी केलेलं नाही, म्हणून हा धागा.

संघ व्हॉट्सअ‍ॅपवर चॅटबॉट सुरू करतोय. सभासदाने आपला कोड टाकला की काल दोन्ही वेळचं दूध किती लिटर, फॅट किती, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) किती, दर काय लागला, दहा दिवसांचं बिल कधी जमा होणार, पेंडीची कपात किती, हे सगळं तिथेच कळणार. जनावर आजारी असेल तर डॉक्टरांच्या फेरीसाठी नाव लावता येणार. बॉट बनवणारा मुलगा पुण्याचा आहे, कामाचा आहे. मला मिळालेली सूचना एका ओळीची: "याला एक छान, मैत्रीपूर्ण कॅरेक्टर द्या."

छान म्हणजे काय, यावर मीटिंगमध्ये तीन मतं पडली. अध्यक्षांना नऊवारी नेसलेली, गजरा माळलेली, हात जोडलेली बाई हवी. पुण्याच्या मुलाला निळा-पांढरा यंत्रमानव, डोक्यावर अँटेना. सचिव म्हणाले, "काहीही काढा, फक्त गाय नको, म्हैसवाले नाराज होतील. आणि म्हैस नको, गायवाले नाराज होतील." मग चहा आला आणि विषय पशुखाद्याच्या टेंडरकडे वळला.

मी घरी येऊन म्हैसच काढली. पंढरपुरी. गंगावेशीच्या कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध प्यायलेल्या माणसाला दुसरी म्हैस सुचत नाही. चित्र चांगलं झालं. पण व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी पडला गोल. पंढरपुरीची शिंगं लांबच लांब, मागे खांद्यापर्यंत जाणारी, आणि तीच तिची ओळख. शिंगं पूर्ण घेतली तर तोंड इतकं बारीक होतं की डोळे दिसत नाहीत. तोंड मोठं केलं तर शिंगं कापली जातात आणि उरतं ते कुठल्याही जनावराचं काळं डोकं. सचिवांनी मोबाईलवर बघून विचारलं, "हे अस्वल कशाला?"

शिवाय काळा रंग. ज्यांच्या फोनवर डार्क मोड आहे त्यांना दोन डोळे आणि एक नाकपुडी एवढंच दिसतं. दिवाळी पाडव्याला इथे म्हशी सजवून काढतात तशी शिंगं रंगवून बघितली, गळ्यात कवड्यांचा पट्टा घातला. दिसायला मजा आली, पण रोज सकाळी फॅट सांगायला सणाचा थाट कशाला, असं माझंच मला वाटलं.

विचारायचंय ते असं. प्राणी, माणूस की यंत्र हे ठरवायचं कशावरून? भाव किती काढायचे? संघाला सोळा स्टिकर हवेत, कारण दुसऱ्या कुणीतरी सोळांचं कोटेशन दिलंय. आणि ज्याची फॅट घसरली त्याला हे तोंड कसं दिसायला हवं? मी अडकलेय ती इथे. हसरं पात्र मागितलंय, पण संघाकडून येणारे निम्मे निरोप हसण्यासारखे नसतात.

---

बाइटबहाद्दर:

मीही बॉट बनवतो, त्यामुळे आधी माझ्याच जातभाईला विरोध: यंत्रमानव नको. तो आम्हाला आवडतो, वापरणाऱ्याला नाही.

आता जागा मोजा आणि मग चित्र काढा. व्हॉट्सअ‍ॅपवर पात्राला तीनच ठिकाणं मिळतात. एक डीपी. तो ६४० बाय ६४० चा चौकोन म्हणून चढवायचा, पण लोकांना दिसणार गोल आणि चॅटच्या यादीत नखाएवढा. दुसरं, निरोपाच्या माथ्यावर जोडलेलं चित्र. तिसरं स्टिकर: ५१२ बाय ५१२, वेबपी फॉरमॅट, स्थिर असेल तर १०० केबीच्या आत, हलता असेल तर ५०० केबीच्या आत. उत्तर येईपर्यंत कोपऱ्यात पापण्या मिचकावणारं तोंड वगैरे जे वेबसाइटवर बघता, ते इथे होत नाही. वेबसाइटवर करायचं झालं तर लॉटी नावाचा हलत्या चित्रांचा फॉरमॅट वापरतात. २०१७ साली एअरबीएनबीने ते खुलं केलं, वेक्टर असल्यामुळे फाइल हलकी राहते. पण तुमचं काम व्हॉट्सअ‍ॅपवरचं, तेव्हा तो पैसा आणि वेळ वाचला.

स्टिकरबद्दल एक गोष्ट अध्यक्षांना नक्की सांगा. स्टिकरला खाली मजकूर जोडता येत नाही, तो स्वतंत्र निरोप म्हणून जातो. म्हणजे प्रत्येक उत्तराबरोबर स्टिकर पाठवला तर फोन दोनदा वाजणार. पहाटे धार काढताना खिशात दोनदा वाजला की तिसऱ्या दिवशी माणूस म्यूट करतो. आकडा आधी, एकटा. स्टिकर क्वचित.

सोळा कुणी वापरत नाही. चार-पाच काढा आणि पैसे सोळांचे घ्या.

---

म्हातारा_बोरू:

डागताई, मुंबईत जाहिरातींच्या स्टुडिओत आयुष्य गेलं, त्यामुळे "मैत्रीपूर्ण" हे विशेषण ऐकलं की मी आधी चष्मा पुसतो. गिऱ्हाईक हा शब्द वापरतं तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर हसू असतं. तुम्ही हसू बाजूला ठेवा आणि क्लिपी आठवा.

तुमच्या वयाला तो आठवत नसेल. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस ९७ मध्ये कागद अडकवायच्या टाचणीचं एक पात्र होतं, केव्हन ॲटबेरी नावाच्या चित्रकाराने काढलेलं. चित्र म्हणून बघा: वळवलेली तार, दोन डोळे, दोन भुवया. संपलं. यात खोट काढून दाखवा. रेषा कमी, ओळख पक्की, सगळा भाव भुवयांवर. आणि तरी जगभरचे लोक त्याला शिव्या घालत होते, कारण पत्राचा मायना लिहायला घेतला की तो टपकायचा आणि "पत्र लिहिताय वाटतं? मदत करू?" म्हणून विचारायचा. नको म्हटलं तरी पुढच्या पत्राला पुन्हा हजर. २००१ च्या ऑफिस एक्सपीमध्ये कंपनीने तो मुळात बंदच ठेवला, २००७ च्या आवृत्तीतून काढून टाकला. पुढे २०२१ मध्ये टाचणीच्या इमोजीच्या जागी त्याला परत आणलं, तर लोकांना गहिवर आला. चित्र तेच होतं हो. आता तो मध्येमध्ये बोलत नव्हता, एवढंच.

तेव्हा पहिलं काम पेन्सिलीचं नाही. त्या पुण्याच्या मुलाकडून बॉटचे सगळेच्या सगळे निरोप छापून मागवा आणि जमिनीवर त्यांचे ढीग लावा. दूध जमा झालं, बिल निघालं, हा एक ढीग. फॅट उतरली, दूध परत आलं, कपात जास्त झाली, हा दुसरा. "कळलं नाही, पुन्हा सांगा" हा तिसरा. "हे माझ्या आवाक्यातलं नाही, माणसाशी बोला" हा चौथा. जितके ढीग तितकी तोंडं. पाचवं काढायचं असेल तर नमस्काराचं काढा, पहिल्या दिवशी लागतं. १९८४ च्या ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकावर सुझन केअर यांनी ३२ बाय ३२ च्या चौकटीत एक हसरं यंत्र काढलं होतं. मशीन नीट सुरू झालं की ते दिसायचं. बिघाड असला की त्याच यंत्राचं पडेल तोंड, डोळ्यांच्या जागी फुल्या. दोन तोंडांत सगळं काम भागलं, कारण कधी कुठलं दिसणार हे पक्कं होतं.

आता बाई, म्हैस की यंत्र.

चित्र हे आश्वासन असतं. हात जोडलेली, डोळ्यांत बघणारी बाई काढलीत की समोरच्याला वाटणार, हिला सगळं कळतं. तो तिला लिहिणार, "बाई, काळी म्हैस दोन दिवस खात नाही, मागच्या वेळी डॉक्टरांनी दिलेलं औषध पुन्हा देऊ का?" बॉटला मोजक्याच गोष्टी येतात आणि ही त्यातली नाही. तुम्ही म्हणाल, एवढं कोण बोलतं यंत्राशी. बोलतात. १९६६ साली एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबॉम यांनी एलायझा नावाचा प्रोग्राम लिहिला. चेहरा नाही, आवाज नाही, नुसती टाइप केलेली अक्षरं, तीही बहुतेक समोरच्याचंच वाक्य उलटवून विचारलेली. तरी त्यांच्या सेक्रेटरीने, जिला हा प्रोग्राम कसा घडला ते माहीत होतं, त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं, एकटीला बोलायचं होतं म्हणून. बिनतोंडाचं ही गत, मग गजऱ्याचं काय होईल?

आणि कुणी एआयकडून गुळगुळीत कातडीची, खऱ्यासारखी बाई बनवून आणली तर ताबडतोब नाही म्हणा. १९७० साली मासाहिरो मोरी या जपानी संशोधकाने लिहून ठेवलंय की यंत्र माणसासारखं दिसू लागलं की आपल्याला ते आवडत जातं, पण अगदी माणसाच्या जवळ पोचून थोडं कमी पडलं की एकदम अंगावर काटा येतो. त्या खड्ड्यापासून लांब राहायचं तर साधं रेखाचित्र बरं.

आपल्याकडच्या पात्रांकडे बघा. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये एशियन पेंट्ससाठी गट्टू काढला: विस्कटलेले केस, हातात ब्रश, रंगाचा डबा. नाव न वाचता कळायचं की हा पोरगा कसल्या धंद्यातला. १९४६ चा एअर इंडियाचा महाराजा, बॉबी कूका यांची कल्पना आणि उमेश राव यांचं चित्र: कमरेत वाकलेला, म्हणजे पाहुणचार. रेल्वेचा भोलू हत्ती, २००२ मध्ये अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइनच्या संस्थेने केलेला, गार्डच्या वेशात, हातात हिरवा दिवा. हत्ती म्हणजे रेल्वे असं कुठे आहे? तो दिवा म्हणजे रेल्वे. तुमच्या म्हशीच्या हातात काय आहे, सांगा बघू. नुसतं जनावराचं तोंड "दूध" म्हणतं, "हिशोब" म्हणत नाही. आणि हा बॉट हिशोबाचा आहे.

म्हैसच करायची असेल तर रेडकू करा. कोन्राड लोरेन्झ यांनी १९४३ मध्ये मांडलं होतं की मोठं डोकं, फुगीर कपाळ, खाली सरकलेले मोठे डोळे दिसले की माणसाला आपसूक माया येते. रेडकाच्या ठिकाणी हे सगळं आयतं आहे. शिंगं जेमतेम फुटलेली, म्हणजे गोलाचा प्रश्न मिटला. ओळख कानांवर न्या, आडवे पसरलेले कान. एकदा सगळं चित्र काळ्या शाईने भरून बघा. नुसत्या सावलीवरून कळलं पाहिजे, नाही कळलं तर डोळे कितीही गोड काढा, उपयोग नाही.

जाता जाता: बिलाचं कार्ड चित्र म्हणून पाठवणार असाल तर त्यातला ल आणि श बघून घ्या. फॉन्टमध्ये मराठी वळण असूनही भाषेचा कोड हिंदी ठेवला की हिंदी वळणाची अक्षरं येतात. संघाच्या म्हाताऱ्यांना कारण सांगता येणार नाही, पण काहीतरी परकं आहे हे त्यांना कळतं.

---

चरवी_भरली:

ताई, मी वाचतोय रोज, लिवतोय पैल्यांदा. घरात चार म्हशी, एक एचएफ गाय. बोरूकाका मोठा माणूस दिसतोय, पण रेडकाचं काय पटलं न्हाई.

रेडकू दूध पितं. ते आमाला फॅट सांगणार? गावात पोरं पैल्या दिवशीच म्हणतील, "सगळं दूध यानंच पिलं, म्हणून फॅट कमी." माउलींनी पैठणात रेड्याच्या तोंडनं वेद म्हणवलं ती गोष्ट येगळी, तिथं माउली व्हते.

आता फॅटचं. मशीला हिरवी वैरण जास्त झाली, वाळकी कमी पडली की फॅट उतरती, हे आमाला कळतंय. पण सकाळी ६.८ लागलेली संध्याकाळी ५.९ लागली की डोकं सणकतं. मशीनवर शंका येती, मापाडीवर येती, सगळ्यांवर येती. अशा टायमाला त्यो तुमचा पात्र दात काढून हसला तर मी फोन गोठ्यात टाकीन. आणि रडकं तोंडबी नको. तुमचं काय गेलंय रडायला? आमचं गेलंय. सरळ तोंड ठेवा, आणि खाली मागच्या पाच वेळची फॅट एकाखाली एक लिवा. माणूस सोता बघतोय आणि गप होतोय.

आईला वाचाय येत न्हाई. ती फोनवर चित्र बघून वळखती. भाचीचा डीपी म्हंजे भाची, बँकेचा म्हंजे बँक. संघाचा डीपी दर सणाला बदलू नका, येवढं तुमच्या सायबास्नी सांगा. गणपतीत गणपती, दिवाळीत पणती लावली की आईला वाटतं कुणी नवीनच माणूस मेसेज करतोय, आणि आजकाल फसवणारे काय कमी हायत?

आणि शेवटचं. गाय नको, म्हैस नको म्हणताय, तर किटली का न्हाई? रोज दोन टाइम डेअरीला जाताना प्रत्येकाच्या हातात तीच असती. गायवाल्याच्या पण, मशीवाल्याच्या पण. अल्युमिनची, पांढरी, काळ्या स्क्रीनवर दिसंल. गोलबी हाय.

---

शाईचा_डाग:

चरवीभाऊ, मी हे वाचून वहीच उघडली. किटलीचं झाकण! झाकण थोडं उचललं तर ती ऐकतेय असं वाटतं. पूर्ण उघडून स्वतःच्याच आत डोकावली तर शोधतेय. घट्ट बसवलं आणि डोळे सरळ ठेवले की गंभीर, पण रडकी नाही. तोंडाची रेघसुद्धा काढावी लागत नाही, झाकण आणि कडी दोघं मिळून भुवयांचं काम करतात. बोरूकाका, सावलीची परीक्षा घेतली. काळी भरली तरी किटली ती किटलीच दिसते.

हिशोब दाखवायला कडीला डेअरीची पावती लटकवलीय. डीपीत पावतीवरचे आकडे दिसणार नाहीत, पण कागदाचा पांढरा तुकडा दिसतो.

चौथ्या ढिगासाठी, म्हणजे "माणसाशी बोला" यासाठी, किटली बाजूला वळलेली आणि नळी पुढे केलेली असं काढत होते. मग लक्षात आलं की नळी चहाच्या किटलीला असते, दुधाच्या नाही. इथे तिला हात द्यावेत का? हात आले की पाय येतात, पाय आले की चपला.

---

म्हातारा_बोरू:

हात नकोत. कडी एका अंगाला झुकवा, डोळे तिकडेच वळवा. नजर जिकडे जाते तिकडे माणूस बघतो. संघाचा फोन नंबर तिकडच्या बाजूला लिहा.

किटली मला सुचायला हवी होती असं म्हणणार नाही, मी भायखळ्याचा, आमच्याकडे दूध पिशवीतून येतं. पण एक विचारून घ्या. "चहापेक्षा किटली गरम" हे तालुक्याच्या राजकारणात सगळ्यांच्या तोंडी असतं. साहेबांच्या मागेपुढे करणाऱ्यांना तुमच्याकडे किटल्याच म्हणतात ना? संघ म्हणजे राजकारणच. उद्या कुणी म्हणेल, "अध्यक्षांनी आता अधिकृत किटली नेमली."

---

बाइटबहाद्दर:

हे वाचून मोठ्याने हसलो, ऑफिसात. पण त्याहून गंभीर मुद्दा: संघाच्या गेल्या निवडणुकीत कुठल्या पॅनेलचं चिन्ह किटली होतं का ते बघा. असेल तर हे पात्र जन्मालाच येऊ नये.

---

मात्रा_वेलांटी:

संवाद लिहिणं हे माझं काम, म्हणून चित्राबद्दल न बोलता तोंडातून काय निघतं त्याबद्दल. चित्र ठरलं की मराठीत लगेच क्रियापद ठरवावं लागतं. "बघतो" की "बघते"? इंग्रजी बॉटला हा प्रश्न कधी पडत नाही, आपल्या बॉटला प्रत्येक वाक्यात पडतो. नऊवारीतली बाई काढलीत की पुढचं सगळं "शोधते, सांगते, माफ करा हं" असं होत जातं. रेल्वेची तिकिटं काढणाऱ्यांनी तिथली चॅटबॉट आस्कदिशा बघितलीच असेल, २०१८ पासून आहे. बँकांच्या बॉटनाही बाईची नावं. युनेस्कोने २०१९ मध्ये एक अहवालच काढला होता, की हाताखाली काम करणारा, उलट न बोलणारा आवाज सगळीकडे बाईचाच का. संघात दूध घालणाऱ्या निम्म्या बायका असतील. अध्यक्षांना हे त्या भाषेत सांगू नका. एवढंच विचारा की बिल चुकलं तर सभासद रागाने काय काय लिहितील, आणि ते कुठल्या चित्राखाली वाचायला त्यांना आवडेल.

किटली स्त्रीलिंगी, तेव्हा सुटका नाही असं वाटेल. पण बहुतेक निरोपांत "मी" लागतच नाही. उदाहरणं देते:

"काल संध्याकाळचं दूध: ७.४ लिटर. फॅट ६.२, एसएनएफ ९.०."

"आज सकाळची नोंद केंद्रावरून अजून आलेली नाही. आली की इथेच कळेल."

"हे इथे सुटणार नाही. संघाच्या कार्यालयात बोला, सकाळी १० ते संध्याकाळी ५."

यात कुणी बाप्या नाही, बाई नाही, आणि "आपली नोंद शोधली जात आहे" असला सरकारी कोरडेपणाही नाही. नोंद, दूध, बिल यांनाच कर्ता करा. फक्त पहिल्या नमस्कारात पात्राला बोलू द्या, तिथे "सांगते" आलं तर बिघडत नाही. सभासदाला नेहमी "तुम्ही". पुण्यामुंबईच्या ॲपवाल्यांना "तू" म्हणायची हौस असते, ती साठीच्या सभासदावर करू नये.

चित्रात पापण्या, ओठ, गजरा, बो यांतलं काही नको. नाहीतर माझं सगळं व्याकरण पाण्यात.

---

शाईचा_डाग:

सगळ्यांचं एकत्र उत्तर देते. चिन्ह तपासलं. मागच्या वेळी एका पॅनेलचं विमान होतं, दुसऱ्याचं कपबशी. किटली सुटली. "चहापेक्षा किटली गरम" मी स्वतःच सचिवांना ऐकवलं, दुसऱ्या कुणाकडून ऐकण्यापेक्षा बरं. ते हसले आणि म्हणाले, दुधाची किटली चहाच्या किटलीपेक्षा वेगळी दिसली पाहिजे. म्हणून नळी गेली, पोट सरळ उभं केलं, झाकण मोठं आणि वर घुमटासारखं.

अध्यक्ष अजून गजऱ्यावर आहेत. त्यांना मात्रा_वेलांटींचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "गजरा नको, पण नाव तर ठेवूया. किटलीताई." यावर अजून चर्चा चालू आहे. मला बिननावाची चालेल. सभासद तिला काय म्हणायचं ते म्हणतीलच.

स्टिकर पाचच करतेय: नमस्कार, जमा झालं, सरळ तोंड, कळलं नाही, आणि कार्यालयात बोला. "जमा झालं" मध्येसुद्धा दात नाहीत. झाकण किंचित तिरकं, बस. घसरलेल्या फॅटला स्टिकर जाणारच नाही, पाच वेळच्या आकड्यांचं कार्ड जाईल आणि कोपऱ्यात सरळ तोंडाची छोटी किटली. पुण्याच्या मुलाला हे पटलं, त्याचं म्हणणं की कार्ड बनवणं त्याला स्टिकरपेक्षा सोपं आहे. डीपी वर्षभर बदलणार नाही असं लिहून घेतलंय, चरवीभाऊंच्या आईंसाठी.

पुढचं काम म्हणजे गावच्या डेअरीवर संध्याकाळच्या पाळीला उभं राहायचं आणि रांगेतल्या बायकांना फोनवर नखाएवढी चित्रं दाखवायची. "हे काय आहे?" एवढंच विचारणार. "आवडलं का?" विचारलं की सगळ्या हो म्हणतात.

एक तांत्रिक शंका: अल्युमिनियमचा करडा रंग डार्क मोडवर छान उठतो, पण पांढऱ्या चॅटवर स्टिकरची कड विरते. बाहेरून जाड काळी रेघ मारू का?

---

बाइटबहाद्दर:

दोन्ही हवंय. आतली रेघ गडद ठेवा, तीन-चार पिक्सेल पुरे. तिच्याही बाहेरून ८ पिक्सेलची पांढरी कड द्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्वतःच्या सूचनांमध्येच ती आहे. पांढऱ्यावर गडद रेघ दिसते, काळ्यावर पांढरी कड. चित्राच्या चारी बाजूंना १६ पिक्सेल मोकळे सोडा आणि पार्श्वभूमी पारदर्शक. डीपीला मात्र पारदर्शक ठेवू नका, मागे एकच सपाट रंग भरा. करड्या किटलीमागे गडद हिरवा भरून बघा, रंगांतला उजळपणाचा फरक (कॉन्ट्रास्ट) निदान तीनास एक असावा, तो मोजून देणारी साधनं नेटवर फुकट आहेत.

---

चरवी_भरली:

ताई, चित्र टाकलंय ते बगितलं. झाक झालंय. पण झाकणाला साखळी न्हाई. बिनसाखळीच्या किटलीचं झाकण डेअरीत दुसऱ्याच्या किटलीवर जातंय, मग भांडणं. कडीपासनं झाकणापतोर बारीक साखळी दावा. आणि डाव्या अंगाला एक पोचा काढा. नवी कोरी किटली गावात फक्त दुकानात असती.